लॉरीन हिल आणि हजेरीपटावरची नावे

शाळेची घंटा होते. गुरुजी हजेरी घेऊ लागतात. मुले एकामागून एक ‘हजर’ म्हणतात. मग एका मुलीचे नाव पुकारले जाते. उत्तर येत नाही. गुरुजी पुन्हा पुकारतात, तरीही नाही.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायिका लॉरीन हिल हिच्या ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरीन हिल’ या अल्बमची सुरुवात अशी आहे. २५ ऑगस्ट १९९८ रोजी तो बाजारात आला. वर्गातली ती गैरहजर मुलगी म्हणजे खुद्द लॉरीन! पोरांच्या मोबाईलवर रॅप सुरू झाला की आमच्या पिढीच्या कपाळाला आठ्या पडतात. आमच्याही पडत होत्या. पण हा अल्बम आम्ही मुलांना मध्ये मध्ये थांबवत, अर्थ विचारत पुरता ऐकला, आणि मत बदलले.

हिप-हॉप ही श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली कला नव्हे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील गरीब काळ्या आणि स्थलांतरित वस्त्यांत १९७३ च्या सुमारास ती जन्मली. दोन तबकड्या आलटून पालटून फिरवायच्या, ठेका लांबवायचा आणि त्यावर आपले जगणे तालात बोलून दाखवायचे. आमच्या जलशांची परंपरा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

लॉरीनचा जन्म १९७५ चा, न्यू जर्सी राज्यातला. आई शिक्षिका. ही मुलगी काही काळ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकली. होय, तेच कोलंबिया, जिथे १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत होते! पुढे तिने विद्यापीठ सोडले. ‘फ्यूजीस’ या तिघांच्या गटातून ती आधीपासूनच गात होती. दोघा साथीदारांची मुळे हैती देशातली. ‘रेफ्युजी’ म्हणजे निर्वासित, त्यावरून गटाचे नाव. १९९६ साली त्यांचा ‘द स्कोअर’ हा अल्बम जगभर प्रचंड खपला.

आणि नेमके तेव्हाच तिचे आयुष्य ढवळून निघाले. गटात फूट पडली. गटातल्याच एका साथीदाराशी असलेले प्रेमाचे नाते तुटले. त्यातच ती गरोदर राहिली. यश दाराशी उभे असताना मूल कशाला, आधी कामाचे बघ, असे सल्ले तिला मिळाले. तिने ऐकले नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव झायन. त्याच्यासाठी तिने ‘टू झायन’ हे गाणे केले.

हे वाचून आमच्या कामकरी भगिनींना नवल वाटणार नाही. मूल की काम, हा प्रश्न बाईलाच विचारतात, बापाला कोणी विचारत नाही. कारखान्यांतील स्त्रियांना प्रसूतीच्या काळात विश्रांती आणि भत्ता मिळावा म्हणून आलेल्या विधेयकाला बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात १९२८ सालीच पाठिंबा दिला होता. बाईने दोन्हींतून एक निवडावे ही सक्तीच त्यांना मान्य नव्हती.

लॉरीनने दोन्ही केले. १९९७ च्या अखेरीपासून जून १९९८ पर्यंत न्यूयॉर्कमध्ये आणि जमैकातल्या किंग्स्टन येथे बॉब मार्लेच्या ‘टफ गाँग’ स्टुडिओत काम चालले. झायन हा त्या मार्लेचाच नातू. मुलगी नोव्हेंबर १९९८ ची, म्हणजे हिशेब करा : अल्बम पुरा होत असताना एक कडेवर, दुसरे पोटात! वय अवघे तेवीस.

नावातला ‘मिसएज्युकेशन’ हा शब्द कृष्णवर्णीय इतिहासकार कार्टर वुडसन यांच्या १९३३ सालच्या पुस्तकाची आठवण देतो. शाळा काळ्या मुलांना स्वतःलाच हीन मानायला शिकवते, हे वुडसन यांचे म्हणणे. फुले-आंबेडकर वाचणाऱ्या घराला यापुढे काय सांगावे! अल्बममध्ये गाण्यांच्या अधूनमधून तो वर्ग भरतो आणि मुले प्रेम म्हणजे काय यावर मोकळेपणी बोलतात. आमच्या घरांत आईबाप या विषयावर चकार शब्द काढत नाहीत, ते सोडा. त्या वर्गाचा मास्तर झालेला रास बराका हा खराखुरा शिक्षक आणि कार्यकर्ता. २०१४ साली तो नेवार्क शहराचा महापौर झाला.

साथीला कार्लोस सँटाना यांची गिटार, मेरी जे. ब्लाइज आणि डी’अँजेलो यांचे गळे. एका गाण्यात एकोणीस वर्षांच्या कॉलेजकुमाराने पियानो वाजवला. तो पुढे जॉन लेजंड म्हणून प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी १९९९ मध्ये लॉरीनला एका रात्रीत पाच ग्रॅमी मिळाले. वर्षाचा सर्वोत्तम अल्बम हा मान हिप-हॉपला पहिल्यांदाच मिळाला.

इथवर लिहून थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण रोज मस्टर आणि हिशेबाच्या वह्या हाताळणाऱ्या आम्हाला पुढची गोष्ट वगळता येत नाही. १९९८ च्या नोव्हेंबरात ‘न्यू आर्क’ नावाच्या गटातील चौघे कोर्टात गेले. गाणी रचण्यात आणि उभी करण्यात आमचा मोठा वाटा आहे, पण त्याचे श्रेय आम्हाला मिळाले नाही, ही त्यांची तक्रार. २००१ साली कोर्टाबाहेर तडजोड झाली. पन्नास लाख डॉलर दिल्याचे वृत्तपत्रांत आले. २०१८ साली लॉरीनने आपली बाजू लिहून मांडली : आपल्या कलेची शिल्पकार मीच, माझ्यावाचून कोणताही निर्णय होत नसे.

आम्हाला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. बाई पुढे गेली की तिच्यामागे कोणी पुरुष असणारच, असे बोलणारे इथेही आहेत आणि तिथेही. लॉरीनला स्वतःचे नाव ठासून सांगावे लागले ते काही उगाच नाही. पण ज्या अल्बमची सुरुवात हजेरीने होते, त्याच्याच हजेरीपटावर चौघांना आपले नाव पुरेसे दिसू नये, हे आमच्या मनाला लागले. मुलीच्या गैरहजेरीचे दुःख जिला इतके कळले, तिच्याकडून आमची अपेक्षा अधिक होती.

आणि आपले काय? भीमजयंतीच्या बॅनरवर गायकाचा हातभर फोटो असतो. रात्र रात्र ढोलकी वाजवणारा, मागे कोरस धरणाऱ्या दोघी-तिघी, यांची नावे किती जणांना सांगता येतील? आमच्या वस्तीत गेल्या जयंतीला आम्ही निवेदकाकडे चिठ्ठी पाठवली, तेव्हा कोठे सगळ्यांची नावे माईकवरून वाचली गेली. ढोलकीवाले काका नंतर म्हणाले, “बावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.”

अल्बम ऐकायचा असेल तर ‘टू झायन’ आधी लावा. इंग्रजी कळले नाही तरी सँटानाची गिटार कळते. शब्दांचे अर्थ पोरांना विचारा; तेवढाच वेळ त्यांच्याशी बोलणे होईल.