काळा घोडा : बिनतिकिटाचे नऊ दिवस

मुंबईच्या फोर्ट भागातला रॅम्पार्ट रो, म्हणजे आताचा के. दुभाष मार्ग, वर्षातून नऊ दिवस गाड्यांना बंद असतो. एरवी पार्किंगच्या जागेवरून हुज्जत चालते तिथे मांडणशिल्पं उभी राहतात आणि पोरं त्यांच्याभोवती हुंदडतात. काळा घोडा कला महोत्सव १९९९ साली सुरू झाला. पूर्वी तो फेब्रुवारीत भरायचा, अलीकडे जानेवारीच्या अखेरीसही भरलाय. नाच, गाणी, नाटक, सिनेमा, साहित्य, वास्तुकला, मुलांच्या कार्यशाळा असं सगळं असतं, आणि तिकीट कशालाच नसतं.

मग खर्च कोण करतं? १९९८ साली स्थापन झालेली ‘काळा घोडा असोसिएशन’ प्रायोजक गाठून हा डोलारा उभा करते. या परिसरातल्या जुन्या वास्तू आणि रस्ते यांची निगा राखणं हा संस्थेचा मूळ हेतू, आणि महोत्सव हे त्यासाठी लोकांना इथवर आणण्याचं साधन. रस्त्यावर जागोजागी प्रायोजकांचे फलक दिसतात ते त्यामुळेच.

नावाचा घोडा मात्र केव्हाच इथून हलला. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, १८७५ साली मुंबईत आला. त्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला. १९६५ मध्ये तो उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. नाव तेवढं मागे राहिलं. २०१७ साली इथे नवा घोडा आला, स्वाराविना.

ससून हे बगदादहून आलेलं ज्यू घराणं. डेव्हिड ससून ग्रंथालयावर त्यांचंच नाव आहे. निळ्या रंगामुळे ओळखलं जाणारं केनेसेथ एलियाहू सिनेगॉगही त्यांनीच १८८४ मध्ये बांधलं. जहांगीर आर्ट गॅलरी (१९५२) कावसजी जहांगीर या पारशी दात्याच्या देणगीतून झाली. शेजारच्या घुमटाच्या इमारतीतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तर शिल्पांपासून लघुचित्रांपर्यंत देशभराचा ऐवज आहे. पाच-दहा मिनिटांच्या पायपिटीत इतक्या समाजांच्या खुणा सापडतात. म्हणूनच इथे राजस्थानी लोकगायनानंतर जॅझ ऐकताना कुणाला वावगं वाटत नाही.

कुटुंबांची खरी गर्दी कारागिरांपाशी होते. वारली चित्रकार बांबूची काडी तांदळाच्या पांढऱ्या रंगात बुडवतो, आधी दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढतो, वर डोक्याचा गोल, मग हातपायांच्या रेघा. माणूस तयार! बघणारी मुलगी लगेच काडी मागते. घरात रंगपेटी असूनही तिला तीच काडी हवी असते. पलीकडे कापडावर लाकडी ठसा टेकवून त्याच्या पाठीवर मुठीने ठोका मारायचा, की नक्षी उमटते. दाब कमी पडला तर पाकळी अर्धीच येते, हे मुलांना पहिल्याच ठोक्यात कळतं.

फुकट असलं तरी सगळं सहज मिळतं असं नाही. ग्रंथालयाच्या बागेत किंवा सभागृहात खुर्च्या मोजक्या, त्यामुळे आधी येईल तो बसेल. शनिवार-रविवारी संध्याकाळी तर मांडणशिल्पापेक्षा त्याच्यासमोर सेल्फी काढणाऱ्यांच्या पाठीच जास्त दिसतात. कला राहिली बाजूला, नुसती जत्रा झाली, ही कुरकुर जुनी आहे आणि अगदीच खोटीही नाही. कार्यक्रम क्रॉस मैदान, हॉर्निमन सर्कल अशा ठिकाणी पसरल्याने गर्दी थोडी पांगते, इतकंच.

लहान मुलांना घेऊन जायचं तर आठवड्याच्या मधल्या वारी, उन्हं कलायच्या आत पोचलेलं बरं. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून चालत येता येतं. गाडी आणण्याच्या फंदात पडू नये. मुलांच्या कार्यशाळा आणि हेरिटेज वॉक यांना जागा मर्यादित असतात, म्हणून वेळापत्रक जाहीर झालं की आधी नोंदणीचं बघावं. नाच-गाण्याला उभ्याने तरी जागा मिळतेच, पोराला खांद्यावर घ्यायची तयारी मात्र हवी.