बहाव्याची चलती, ताम्हणाची उपेक्षा

महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ साली आला. तेव्हा शहरांतले वड, पिंपळ, कडुनिंब वगळले, तर फुलांसाठी म्हणून लावलेली झाडं बहुतेक परदेशातून आलेली होती. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातला, सोनमोहर आग्नेय आशियातला. कायद्याला झाडाच्या जन्मगावाशी देणंघेणं नव्हतं, ते तोडू नये एवढंच त्याचं म्हणणं होतं, आणि ते रास्तच होतं. नवं झाड कुठलं लावायचं, याचं उत्तर मात्र पुढच्या पन्नास वर्षांत पार पालटलं. या पालटात ज्यांचं नाव सगळ्यात जास्त घेतलं गेलं ती दोन झाडं म्हणजे बहावा आणि ताम्हण. दोन्ही इथलीच, दोन्ही पानगळीची, दोन्ही वैशाखवणव्यात फुलणारी. त्यातल्या बहाव्याचं नशीब उजळलं. ताम्हण राज्यपुष्पाचा मान मिळवूनही रोपवाटिकेच्या मागच्या रांगेतच राहिलं.

ही झाडं कुणाला ठाऊक नव्हती असं मुळीच नाही. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा डच ग्रंथ १६७८पासून छापला जाऊ लागला. त्याच्या पहिल्याच खंडात बहावा ‘कोन्ना’ या नावाने आहे आणि चौथ्या खंडात ताम्हणाचंही चित्र आहे. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातले एथेलबर्ट ब्लॅटर आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे वॉल्टर मिलार्ड यांनी भारतातल्या देखण्या झाडांवर लिहिलेलं इंग्रजी पुस्तक १९३७ साली ग्रंथरूपाने आलं. कोकणातल्या माणसाला तर यातलं काहीच लागत नव्हतं. वहाळाच्या काठाला जांभळं झालेलं झाड म्हणजे तामण, आणि पोट साफ व्हायला ज्याच्या शेंगेतला मगज देतात तो बाहवा, हे त्याला पुस्तकाशिवाय माहीत होतं. आयुर्वेदाने बहाव्याला ‘आरग्वध’ म्हणून केव्हाच औषधांत घेतलं होतं. पण औषधाचं झाड बंगल्याच्या दारात लावायची कल्पना कुणाच्या डोक्यात नव्हती. दारात शोभा आणायला बाहेरचं काहीतरी हवं, अशीच त्या काळची बागकाम करणाऱ्यांची समजूत.

ऐंशीच्या दशकात सरकारी लागवड वाढली, पण वेगळ्याच दिशेने. १९८२ साली राज्यात सामाजिक वनीकरणाचं काम स्वतंत्र विभागाकडे आलं. सरपण हवं होतं, चारा हवा होता, उघडे माळ लवकर हिरवे दिसायला हवे होते. सुबाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प, ऑस्ट्रेलियन बाभूळ ही झाडं भराभर वाढत, म्हणून त्यांची सद्दी. या घाईत बहावा बसणारच नव्हता. त्याच्या बियांचं कवच इतकं टणक की नुसतं पेरलं तर महिनोन्‌महिने काही हलत नाही. रानात कोल्हे, माकडं, अस्वलं शेंगा खातात आणि बिया दूरवर टाकतात. रोपवाटिकेत ही सोय नाही. ताम्हणाची अडचण उलटी. बी बारीक, पंख असलेलं, वाऱ्याने उडणारं, आणि त्यातलं बरंचसं उगवतच नाही.

त्याच काळात टपाल खात्याने मात्र या झाडांना मान दिला. फुलणाऱ्या वृक्षांच्या १९८१च्या तिकिटांमध्ये बहावा होता आणि १९९३च्या संचात ताम्हण. पाकिटावर डकवलेलं झाड अंगणात यायला आणखी काही वर्षं जायची होती.

मराठी वाचकाचं मन वळवण्यात पुस्तकांचा वाटा मोठा. डॉ. शरदिनी डहाणूकरांनी ‘वृक्षगान’ आणि ‘फुलवा’मधून झाडांना शहरी मध्यमवर्गाच्या गप्पांत आणलं. प्रा. श्री. द. महाजनांनी देशी आणि विदेशी वृक्षांची ओळख वेगवेगळी मांडून दिली, आणि वाचणारा आपल्या कॉलनीतल्या झाडांकडे तपासनिसाच्या नजरेने पाहू लागला. पुढे फोनमध्ये कॅमेरा आला आणि बहाव्याची चांदी झाली. पान नावाला नाही आणि फांदीफांदीला पिवळे घोस लोंबताहेत, असं झाड फोटोत वाईट येऊच शकत नाही. ‘बहावा फुलला की दीड-दोन महिन्यांत पाऊस’ हा ठोकताळाही दर उन्हाळ्यात फिरू लागला. (हाच बहावा कधीकधी सप्टेंबर-ऑक्टोबरातही थोडा फुलतो, त्याचं काय करायचं हे मात्र कुणी सांगत नाही.)

मग आली उद्दिष्टांची वर्षं. राज्य सरकारने २०१६मध्ये २ कोटी, २०१७मध्ये ४ कोटी, २०१८मध्ये १३ कोटी आणि २०१९मध्ये ३३ कोटी झाडांचा संकल्प सोडला. तोवर ‘देशी झाडं लावा’ हे वाक्य भाषणांत रुळलं होतं. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या बाजूने गेलं. कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटरपर्यंत पोहोचला आणि शहरात मोठ्या संख्येने झाडं कोसळली. परदेशी झाडांच्या विरोधातल्या लोकांना हा आयताच पुरावा मिळाला. तो पुरता खरा नव्हे. चारी बाजूंनी काँक्रीट ओतून मुळं कोंडली, तर देशी झाडही आडवं होतं. तरी त्यानंतर देशी झाडांची मागणी आणखी वाढली. मागणी म्हणजे काय, तर ‘पिवळं आणि जांभळं’. एक बहावा, एक ताम्हण, पुन्हा एक बहावा, अशी जोडी दुभाजकांवर, सोसायट्यांच्या कुंपणालगत, फार्महाउसच्या वाटेवर लागू लागली.

इथेच गफलत झाली. फुलायचा महिना सोडला, तर या दोन झाडांचं फारसं कशातच जमत नाही.

बहावा हा कोरड्या पानझडीच्या रानातला गडी. मुरमाड उतार, हलकी जमीन, वर्षाला पाचसहाशे मिलिमीटर पाऊस, एवढ्यावर तो निभावतो. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी दिलं की पुढे त्याची फारशी काळजी लागत नाही. त्याला वावडं दोनच गोष्टींचं: मुळाशी साचलेलं पाणी आणि सावली. इमारतीच्या उत्तर बाजूला, दिवसभर ऊन पोहोचत नाही अशा जागी लावलेला बहावा पानांनी भरतो, फुलांचं नाव काढत नाही.

ताम्हण नदीनाल्याचं झाड. कोकणात आणि पूर्व विदर्भात ते पाण्याच्या आसऱ्याने वाढतं. आसाम-बंगालकडे ‘जारुळ’ नावाने त्याचं लाकूड होड्यांसाठी वापरलं गेलं, कारण ते पाण्यात टिकतं. पावसाळ्यात दलदल होणारी, चिकण मातीची जागा, जिथे बहावा कुजेल, तिथे ताम्हण खुशाल उभं राहतं. पण तेच सोलापूरच्या दुभाजकावर दीड फूट मुरमात लावलं तर मरत नाही, फक्त खुरटतं. मग लोक म्हणतात, राज्यपुष्पाचा नुसताच बोभाटा.

जवळ जाऊन पाहिलं की दोघांचं वेगळेपण फुलातही दिसतं. बहाव्याच्या फुलात दहा पुंकेसर असतात, तेही एकसारखे नाहीत: तीन लांब, बाकदार, पाकळ्यांबाहेर झुकलेले, उरलेले आखूड आणि त्यातले काही अगदीच नाममात्र. काळा भुंगा येतो, आखूड पुंकेसरांना लटकून जोरात गुणगुणतो, आणि त्या थरथरीने परागकण झडतात. सकाळी आठच्या सुमारास झाडाखाली उभं राहिलं तर हा आवाज स्पष्ट ऐकू येतो. ताम्हणाची पाकळी देठाशी निमुळती आणि कडेला क्रेप कागदासारखी चुरगळलेली. फुलांचे तुरे फांदीच्या टोकाला उभे राहतात, खालून वर उमलत जातात, आणि रंग दिवसागणिक फिकट होतो. म्हणून एकाच तुऱ्यात गडद आणि विटके असे दोन्ही जांभळे दिसतात. ताम्हणाचा आणखी एक गुण सहसा कुणी सांगत नाही: हिवाळ्यात गळण्याआधी त्याची पानं तांबूस होतात. महाराष्ट्राच्या बागेत पानांचा असा रंग फार थोडी झाडं देतात.

छाटणीचं गणितही निराळं. ताम्हणाचा तुरा नव्या फुटीच्या टोकाला येतो, म्हणून पानं गळल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत हलकी छाटणी केली की फूल वाढतं. बहाव्याचे घोस आदल्या वर्षीच्या फांद्यांवर लोंबतात. त्याच वेळी कात्री चालवली तर त्या उन्हाळ्याचा बहर गेला. त्याची छाटणी करायचीच तर फुलं संपल्यावर. शहरांत पावसाळ्यापूर्वीची छाटणी बहुधा एप्रिल-मेमध्ये उरकली जाते, म्हणजे नेमकी दोन्ही झाडं फुलात असताना. सोसायटीने झाड आधी तपासून घ्यावं, वाळकी आणि मोडकी फांदी तेवढी काढावी, आणि सरसकट मुंडण करू देऊ नये.

जूनच्या पावसात बहाव्याच्या कोवळ्या पानांवर हिरव्या अळ्या येतात. त्या कॉमन इमिग्रंट या फुलपाखराच्या. आठवड्याभरात फांद्या बोडक्या होतात आणि घरमालक फवारणीचा पंप शोधू लागतो. पंपाची गरज नसते, महिनाभरात नवी पालवी येते. शेंगांचा मात्र विचार आधीच करावा. हात-दीड हात लांब काळ्या शेंगा वर्षभर लोंबतात आणि टप्प्याटप्प्याने पडतात, तेव्हा गाड्या उभ्या करायच्या जागेवर बहावा नको. लहान मुलांनी त्यातला गर खाल्ला तर पोट बिघडतं, हेही घरात सांगून ठेवलेलं बरं.

रोपं विकत घेताना फसगत होते ती नावांवरून. गुलाबी बहावा म्हणून मिळतं ते आग्नेय आशियातलं वेगळंच झाड. ताम्हण म्हणून कधी चिनी सावनी हाती येते. ती सुंदर झुडूप आहे, पण ताम्हणाचं पान वीतभर लांब, सावनीचं जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढं. एवढी खूण पुरे.

आज हिशेब मांडला तर घाटाच्या पूर्वेला, हलक्या जमिनीत, कमी पाण्यात बहावाच शहाणपणाचा. ताम्हणाचा हट्ट असेल तर त्याला विहिरीजवळची, पन्हाळीखालची किंवा सांडपाणी मुरतं ती जागा द्यावी. कोकणात, मुंबई-ठाण्यात, भंडारा-गडचिरोलीकडे मात्र पहिला मान ताम्हणाचा, आणि तिथल्या रोपवाटिकांनी त्याची रोपं मुबलक ठेवायला हवीत. घरीही ती करता येतात. बोंडं हिवाळ्यात वाळून तडकतात, तेव्हाच बी गोळा करून ताजंच पेरावं आणि कमी उगवतं म्हणून मूठभर जास्त टाकावं. बहाव्याचं बी सँडपेपरवर घासून किंवा त्यावर उकळतं पाणी ओतून रात्रभर भिजत ठेवावं. फुगलेल्या बिया सकाळी पिशव्यांत लावाव्या, न फुगलेल्यांना पुन्हा तोच उपचार द्यावा.