विनोदी सचेतनपटांतील समाजचित्रण

विनोदी सचेतनपटांतील समाजचित्रण : पाठलाग, धडपड व मारझोड यांवर उभारलेल्या लघू सचेतनपटांत निरनिराळे मानवसमूह कोणत्या रूपात दाखविले गेले, याचा विचार. सहा-सात मिनिटांच्या अशा लघुपटात पात्रपरिचयास अवधी नसतो. पात्र पडद्यावर येताच ते कोण, हे प्रेक्षकास उमगावे लागते. त्यामुळे चित्रकार पोशाख, चेहरेपट्टी वा बोलण्याची लकब यांतील एखादी ठळक खूण घेऊन ती फुगवितो. अतिशयोक्ती हा व्यंगचित्राचा प्राणच होय. परंतु त्या समूहाचे दुसरे कोणतेच चित्र प्रेक्षकापुढे नसेल, तर ती खूणच त्याचा चेहरा होऊन बसते.

अमेरिकन लघुपटांत ही प्रवृत्ती स्पष्ट दिसते. ‘टॉम अँड जेरी’ (प्रारंभ १९४०) या मालिकेतील कृष्णवर्णीय मोलकरणीचे बहुधा हातपायच दिसत. तिचा आवाज लिलियन रँडॉल्फ या अभिनेत्रीचा होता. १९६० च्या दशकात दूरचित्रवाणीसाठी काही लघुपटांत तिच्या जागी गौरवर्णीय स्त्री रेखाटण्यात आली. सदोष चित्र पुसले गेले खरे, पण त्याबरोबर त्या घरात राबणारी व्यक्तीही नाहीशी झाली. वॉर्नर ब्रदर्सचे अकरा लघुपट १९६८ मध्ये वितरणातून काढण्यात आले. याउलट, मेक्सिकन उंदीर स्पीडी गोंझालेस याचे लघुपट कार्टून नेटवर्कने १९९९ मध्ये थांबविले, तेव्हा ते पुन्हा दाखविण्याची मागणी लॅटिन-अमेरिकन वंशाच्या प्रेक्षकांतूनच झाली व २००२ मध्ये ते परतले. स्पीडी नेहमी जिंकतो, हे त्याचे कारण असावे. त्याच्या आळशी सोबत्यांविषयीचा आक्षेप मात्र त्यामुळे दूर होत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या रीतीने उद्‌भवला. दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांच्या ‘आगकाड्यांची मौज’ मध्ये पात्रे म्हणजे निव्वळ काड्या. प्रभातच्या ‘जंबूकाका’चा (१९३४) नायक कोल्हा. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली व्यंगपट-शाखा निघाली. तेथील चित्रकारांना डिस्नेच्या स्टुडिओतील क्लेअर वीक्स यांनी प्रशिक्षण दिले. त्यातून जातककथेवरील ‘द बनियन डियर’ (१९५७) तयार झाला. प्राणिकथांच्या परंपरेमुळे जात, धर्म वा प्रांत यांच्या उघड उपहासाचा प्रसंग टळला. विविधता हाच ज्याचा विषय आहे असा उल्लेखनीय लघुपट म्हणजे विजया मुळे (१९२१–२०१९) यांचा ‘एक अनेक और एकता’ (१९७४). मात्र तो बोधपर असून धडपडीच्या विनोदाशी त्याचा संबंध नाही.

उपहास टाळणे व प्रतिनिधित्व देणे या भिन्न गोष्टी होत. फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट मुख्य चित्रपटापूर्वी दाखविणे चित्रपटगृहांवर बंधनकारक असल्याने ते वर्ध्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीही पोहोचत. त्यांतील निवेदन प्रमुख भाषांच्या प्रमाण रूपात असे. वर्धा जिल्ह्यातील वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी वा तेथील गोंड समाजाची गोंडी यांना त्यात वाव नव्हता. मराठी नाटक-चित्रपटांत ग्रामीण बोली बहुधा गडी, शिपाई अशा हास्यपात्रांच्या तोंडी पडली. सचेतनपटांत ती हास्यापुरतीही आली नाही.