लुकलुक मुद्दाम ठेवली आहे!

२००८ साली जपानच्या कॅपकॉमने ‘मेगा मॅन ९’ हा व्हिडिओ गेम आणला, तेव्हा त्याच्या सेटिंगमध्ये एक भन्नाट पर्याय होता. तो चालू केला की पडद्यावर शत्रूंची गर्दी होताच पात्रं लुकलुकायला लागायची आणि खेळ रेंगाळायचा. अगदी १९८७ च्या पहिल्या मेगा मॅनसारखा! जुन्या आठ-बिटी निन्टेन्डोला एका आडव्या ओळीत ८ पेक्षा जास्त हलती चित्रं दाखवता येत नसत. नववं चित्र आलं की ते त्या ओळीत गायब. मग प्रोग्रामर आळीपाळीने एकेकाला लपवायचे, म्हणून ती लुकलुक. २००८ च्या यंत्रांना ही अडचण उरलीच नव्हती. तरी कॅपकॉमने ती मेहनतीने परत घडवली, कारण ज्यांचं बालपण त्या लुकलुकीत गेलं त्यांना तीच हवी होती.

जुन्या वळणाच्या नव्या गेम्सची खरी मजा इथेच आहे. काल जी गैरसोय होती, ती आज हौसेने मांडली जाते.

सावली फुकटात मिळाली

नव्वदच्या दशकात शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये किंवा क्लासमध्ये बाई वळल्या रे वळल्या की फ्लॉपीवरचा ‘प्रिन्स’ सुरू करणारे आपल्याकडे कमी नव्हते. १९८९ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ जॉर्डन मेकनरने ॲपल टूवर जवळजवळ एकट्याने घडवला. त्यातला राजपुत्र इतका खराखुरा का धावतो, याचं उत्तर सरळ आहे: तो खरोखर धावला होता. मेकनरने पांढऱ्या कपड्यातल्या आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पळायला आणि उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि एकेक चौकट गिरवून ती कॉम्प्युटरात उतरवली. तलवारबाजीसाठी त्याने १९३८ च्या रॉबिन हूड सिनेमातलं द्वंद्व समोर ठेवलं.

पण माझी सगळ्यात लाडकी गोष्ट सावलीची. राजपुत्राची चित्रं भरता भरता मेमरी संपली होती, नव्या शत्रूला जागाच नव्हती. मग मेकनरने राजपुत्राचंच चित्र घेतलं, ते एका ठिपक्याने सरकवून स्वतःवरच अशा गणिताने बसवलं की एक झगमगती, पारदर्शक आकृती तयार झाली. जागा लागली जवळपास शून्य! आरशातून उडी मारून बाहेर येणारा तो छाया-राजपुत्र हा असा जन्मला आणि अख्ख्या गेमचं सर्वात लक्षात राहणारं पात्र ठरला. अडचणीतून सुचलेली इतकी सुंदर गोष्ट मला दुसरी आठवत नाही.

ही मालिका पुढे थ्रीडीत गेली आणि जानेवारी २०२४ मध्ये ‘द लॉस्ट क्राउन’ या नव्या भागातून पुन्हा बाजूने दिसणाऱ्या, डावी-उजवीकडे पळणाऱ्या मूळ रूपात परतली. या भागाचा नायक सारगॉन. त्याला एक विद्या मिळते: स्वतःची छाया एका जागी सोडून जायची आणि हवं तेव्हा झटक्यात तिच्यापाशी परतायचं. पस्तीस वर्षांनी सावली पुन्हा कामाला लागली! शिवाय पर्शियाच्या या राजपुत्रांच्या मालिकेत पहिल्यांदाच संवाद फारसीत ऐकायला मिळाले. हे खरं तर फार आधी व्हायला हवं होतं.

चाहत्याच्या हाती किल्ल्या

एखादं नाटक पाहून पाहून पाठ केलेल्या प्रेक्षकालाच कंपनीने रंगमंचावर बोलावलं तर? सॉनिक गेम्स काढणाऱ्या सेगाने तेच केलं. ऑस्ट्रेलियाचा ख्रिश्चन व्हाइटहेड हा सॉनिकचा निस्सीम चाहता. घरबसल्या त्याने स्वतःचं गेम इंजिन लिहिलं आणि जुना ‘सॉनिक सीडी’ आयफोनवर चालवून दाखवला. सेगाने त्याला हाकलून लावण्याऐवजी काम दिलं. त्याच्या इंजिनावरचा ‘सॉनिक सीडी’ २०११ मध्ये अधिकृतपणे आला आणि २०१७ मध्ये त्याने इतर चाहत्यांना सोबत घेऊन ‘सॉनिक मेनिया’ घडवला. संगीत दिलं टी लोपेसने. हा गडीसुद्धा सॉनिकच्या चालींना नवा साज चढवून यूट्यूबवर टाकणाऱ्यांपैकीच!

या गेममध्ये जुन्या डब्बा टीव्हीसारखं चित्र दिसावं म्हणून खास फिल्टर आहे. तो निव्वळ आठवणींसाठी नाही. १९९१ च्या सॉनिकमधले धबधबे नीट पाहिलेत तर ते म्हणजे नुसत्या उभ्या रेघा आहेत: एक रंगीत, एक रिकामी. सेगाच्या त्या यंत्राला पारदर्शक पाणी दाखवणं जमत नव्हतं. पण तेव्हाच्या वायरमधून चित्र टीव्हीवर जाताना रेघा एकमेकींत मिसळायच्या आणि मागचं दृश्य पाण्यातून दिसल्याचा भास व्हायचा. चित्रकाराने अर्धं काम टीव्हीवर सोपवलं होतं. आजच्या स्वच्छ सपाट पडद्यावर तो धबधबा गजांच्या खिडकीसारखा दिसतो!

थोडं खोटं, म्हणून जास्त खरं

२०१४ चा ‘शव्हेल नाइट’, म्हणजे फावडं घेऊन लढणारा सरदार, पाहताक्षणी वाटतं की हा जुन्या निन्टेन्डोचाच गेम. यॉट क्लब गेम्सने त्यासाठी लोकवर्गणी काढली. मागितले ७५ हजार डॉलर, जमले ३ लाख ११ हजार! गंमत म्हणजे त्यांनी जुने नियम चांगलेच वाकवले. पडदा रुंद केला, निन्टेन्डोच्या मोजक्या रंगांत आणखी काही मिसळले, लुकलुक पूर्ण काढून टाकली. मेगा मॅनने ठेवलेली लुकलुक यांनी फेकली आणि दोघेही बरोबर ठरले. आपल्याला आठवतो तसा गेम त्यांनी बनवला आणि आठवणीतलं चित्र नेहमी मुळापेक्षा जरा देखणंच असतं. मूळ मेगा मॅनची संगीतकार मानामी मात्सुमाए हिनेही यात दोन चाली दिल्या.

बिघाडच झाला खलनायक

१९८० च्या पॅक-मॅनमध्ये लेव्हलचा आकडा एका बाइटमध्ये साठवला जायचा. त्यात २५५ पर्यंतच मावतं. २५६ वी लेव्हल आली की फळं काढणारा कोड भरकटायचा आणि पडद्याची उजवी बाजू अक्षरं-आकड्यांच्या कचऱ्याने भरायची. पुढे रस्ता बंद. २०१५ मध्ये ‘पॅक-मॅन २५६’ आला आणि त्याने हा कचराच खलनायक केला: तो खालून वर चढत येतो, तुम्ही पळायचं. न थांबता सलग २५६ ठिपके गिळले की आसपासची भुतं साफ!

‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये (१९७८) परग्रहवासी मरत जातात तसे उरलेले वेगाने सरकतात, हेही ठरवून केलेलं नव्हतं. चित्रं कमी झाली की बिचाऱ्या प्रोसेसरचं ओझं उतरायचं आणि तो भरभर काम करायचा. निर्माते तोमोहिरो निशिकादो यांना ते आवडलं, त्यांनी तसंच ठेवलं. शेवटाकडे गेम कठीण होत जाण्याची रीत तिथून रुळली.

थरथरही परतली

आता पाळी पहिल्या प्लेस्टेशनची. त्याचं गणित ठिपक्याच्या अंशापर्यंत पोचत नसे, म्हणून भिंती हलल्यासारख्या दिसायच्या; नक्षी चढवताना ते दूर-जवळचा हिशेब धरत नसे, म्हणून फरशीची नक्षी वाकायची. आज त्या काळासारखे भीतीदायक गेम करणारे ही थरथर मुद्दाम कोडमध्ये लिहितात. भिंतच स्थिर नसेल तर खेळणाऱ्याला आधार कशाचा? भीतीसाठी याहून स्वस्त साधन नाही.

दुसरीकडे ‘यूएफओ ५०’ (२०२४) पाहा. ऐंशीच्या दशकातली एक कंपनी कल्पनेतूनच उभी केली आणि तिने काढलेले म्हणून ५० गेम्स खरोखर बनवले! सगळ्यांना मिळून रंग फक्त ३२. आणि ‘सेलेस्ट’ (२०१८) हा डोंगर चढणाऱ्या मुलीचा नावाजलेला गेम आधी छोट्या रूपात ४ दिवसांत बनला होता, पिको-८ नावाच्या कल्पित कन्सोलवर. त्याचा पडदा १२८ बाय १२८ ठिपक्यांचा, रंग १६. मोठ्या गेममध्ये एका खोलीत जुना कॉम्प्युटर दडलेला आहे. त्यापाशी पोचलात तर तो छोटा पहिला गेम तिथेच खेळता येतो.

फुंकर नको!

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) केवळ ४० किलोबाइटचा. जागा वाचवायला ढग आणि झुडूप एकाच चित्राचे, फक्त रंग बदललेला. २०१९ मध्ये ‘मायक्रो मेजेस’च्या मंडळींनी तसाच ४० किलोबाइटचा हिशेब स्वतःवर लादून घेतला आणि चार जणांनी एकत्र खेळायचा नवाकोरा गेम त्यात बसवला. तुमच्या फोनमधला साधा फोटो याच्या कितीतरी पट जड असतो. हा गेम खऱ्या जुन्या निन्टेन्डोवर चालतो आणि त्याची खरीखुरी कॅसेटही निघाली.

आता कॅसेट म्हटली की आपला हात आपसूक तोंडाकडे जातो. तेव्हा एवढं लक्षात ठेवा: फुंकर मारल्याने गेम सुरू होत नसे. कॅसेट काढून परत बसवली की पिना नीट टेकायच्या, म्हणून तो चालायचा. फुंकरीतला ओलावा मात्र धातूला गंजवतो. काढा, पुन्हा बसवा, स्टार्ट दाबा.