शाळेची फी आणि शाळेचें मोल

आमच्या नातवास पहिलींत घालावयाचें ठरलें, तेव्हां चिरंजीवांनीं एका खाजगी इंग्रजी शाळेचें पत्रक आमच्यापुढें ठेविलें. फी, गणवेष, बस, पुस्तकें मिळून बेरीज आमच्या वार्षिक निवृत्तिवेतनाच्या निम्म्याहून अधिक भरली. "कर्ज काढूं, पण शाळा चांगली पाहिजे," असें त्यांचें म्हणणें. चांगली म्हणजे काय, हें मात्र घरांत कोणीं विचारलेंच नव्हतें.

पुण्यांत मुख्यत्वें तीन प्रकारच्या शाळा आहेत. महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळेंत फी नाहीं. पुस्तकें व दुपारचें जेवणहि विनामूल्य. खाजगी अनुदानित शाळेंत शिक्षकांचें वेतन सरकारी तिजोरींतून येतें, म्हणून फी अल्प. विनाअनुदानित शाळेचा भार पालकांवर. अर्थात् फीवरून खर्च कोण सोसतो एवढेंच कळतें. विद्या किती मिळते, हें कळत नाहीं.

या नगरीस तरी हें सांगावें लागूं नये. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं सरकारी नोकरी सोडून, टिळक व नामजोशी यांच्यासह १८८० च्या जानेवारींत न्यू इंग्लिश स्कूल काढलें. पुढें आगरकर येऊन मिळाले. १८८४ मध्यें डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिचे आजीव सभासद दरमहा ७५ रुपयांवर राबत. ती खाजगी शाळा नांवारूपास आली ती शिक्षकांच्या त्यागानें, पालकांच्या थैलीनें नव्हे. त्याच सभासदांपैकीं गोखले यांनीं १९११ मध्यें सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें विधेयक मांडलें. खाजगी संस्थेंत घडलेल्या त्या पुरुषासहि सर्वांच्या शिक्षणाचा भार सरकारनेंच उचलावा असें वाटलें.

मग पारख कशी करावी? वर्गांत मुलें किती, तें मोजावें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें पांचवीपर्यंत ३० मुलांमागें एक शिक्षक हें प्रमाण घातलें आहे. शिक्षक वर्षानुवर्षें टिकतात कीं दर जूनमध्यें नवे येतात, तें विचारावें. तिसरींतील मुलास न पाहिलेला उतारा वाचावयास द्यावा. या परीक्षेंत महागडी शाळाहि नापास होते. पण मोफत शाळेंत वर्ग शिक्षकावांचून राहत असेल, तर तीहि मोफत नव्हे. बालकाचें एक वर्ष हीच तिची फी.

चिरंजीवांस आम्हीं इतकेंच सांगितलें, "कर्जाचा अर्ज पुढें पाहूं. आधीं तिन्ही शाळा उभयतांनीं पाहून या." ते दोघे गेले. परत आल्यावर सूनबाईंनीं पत्रक घडी करून फडताळांत ठेविलें, आणि पेठेंतील अनुदानित मराठी शाळेंत बाईंनीं मुलांकडून गोष्ट कशी वाचवून घेतली, तें सांगत बसल्या.