त्रिनिदादला जाल तेव्हा

कॅरिबियन बेट म्हटले की निळे पाणी आणि पांढरी वाळू डोळ्यांपुढे येते. त्रिनिदादमध्ये तेही सुख आहे. मराकासच्या किनाऱ्यावर मनसोक्त डुंबावे, तळलेल्या पावात मासा घालून खावा. पण मी म्हणेन, एवढ्यावरच परतू नका.

एक संध्याकाळ कॅरोनीच्या खारफुटीत होडीने जा. दिवस कलला की लालभडक शराटी थव्याथव्याने झाडांवर उतरतात. खेकडे-कोळंबी खाऊन त्यांच्या पिसांना तो रंग चढतो.

दुसऱ्या दिवशी वॉटर्लूचे देऊळ पाहा. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ जहाजातून हिंदी मजूर या बेटावर प्रथम उतरले. पुढे आलेल्यांपैकी सिवदास साधू या मजुराने साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधले. ते पाडले गेले, त्यांना तुरुंगवास झाला. मग त्यांनी समुद्रातच भराव घातला. सायकलवरून सामान नेत वर्षानुवर्षे ते खपले. समुद्रावर कुणाची मालकी नव्हती!

मोहरमच्या दिवसांत गेलात, तर सेंट जेम्समध्ये रात्री ‘होसे’ची मिरवणूक निघते. बांबू-कागदाचे ते ताबूत आपल्याकडच्या ताबुतांचेच भाऊबंद. मात्र तो कार्निव्हल नव्हे, शोक आहे. १८८४ साली सॅन फर्नांडोत बंदी झुगारून निघालेल्या अशाच मिरवणुकीवर गोळीबार झाला. तिच्यात हिंदू मजूरही होते.

ताशाला तिथे ‘तासा’ म्हणतात. बाजूला उभे राहून तो जरूर ऐका.