गरोदरपणातले ‘वेड’ : दुखणे मनाचे की शरीराचे?

किल्लारी म्हटले की ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून झोपलेली गावे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. १९९२ च्या ऑक्टोबरातच जमीन हादरून गेली होती. पुढे काय वाढून ठेवले आहे, हे मात्र कुणाला कळले नाही.

अशा गावात कुणी भ्रमिष्टासारखे बोलू लागले, तर ‘धसका घेतला’ म्हणणे साहजिकच. धसका खरा असतोही. पण प्रत्येक वेळी तेवढेच कारण असते का?

समजा, सातव्या महिन्यात माहेरी आलेली लेक एकाएकी झोपेनाशी झाली. कानात आवाज येतात म्हणते, आईने वाढलेल्या ताटात विष आहे म्हणते. शेजारीण म्हणते, बाहेरचे आहे. मामा म्हणतात, पहिलटकरीण, घाबरली असेल. लिंबू उतरवण्यात आठवडा जातो.

रोगजंतूंशी लढणारी शरीराची प्रतिकारशक्ती कधी कधी आपल्याच मेंदूवर उलटते. अशा एका मेंदूदाहाचे नेमके कारण डॉ. जोसेप दाल्माऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मांडले. त्यांच्या पाहणीतील बारा स्त्रियांपैकी बहुतेकींच्या बीजकोशात गाठ होती. पुढे गर्भवतींमध्येही हा आजार आढळला. ल्यूपस या विकारातही मन असे बिथरू शकते.

गरोदरपणी मन बिघडण्यामागे दर वेळी हेच असते असे नाही. बऱ्याचदा दुखणे मनाचेच असते. परंतु आधी ताप किंवा डोकेदुखी, मग तोंडाच्या विचित्र हालचाली, अडखळती वाचा, शून्यात बघणे. किंवा सांधेदुखी, गालांवर चट्टे, तोंडात फोड असे काही दिसले, तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे. झटका आला तर क्षणभरही न थांबता मोठे रुग्णालय गाठावे. रक्त, पाठीच्या कण्यातले पाणी, मेंदूचा आलेख, सोनोग्राफी यांतून निदानाची वाट सापडते. गरोदरपणातही या तपासण्या करता येतात. स्टेरॉइडसारख्या उपचारांनी अनेक माता पूर्ण बऱ्या झाल्या आहेत, त्यांना निरोगी बाळेही झाली आहेत.

भूकंप टाळणे माणसाच्या हाती नाही. हे दुखणे वेळीच ओळखणे मात्र हाती आहे. म्हणून लेकीला वेडी ठरवण्याआधी एक प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा : हिच्या शरीरात काही बिघडले आहे का?